भार कुणाचा

"भार कुणाचा?"

बुवांनी ओळ टाकली. त्यांच्या मागे दोराला लागलेल्या सगळ्यांनी फळ्यांना टाचा रोवल्या आणि एका तोंडाने उत्तर दिलं, "देवाचा." त्या उत्तराबरोबर दोर हातभर मागे आला.

"हात कुणाचे?"

"देवाचे."

आणखी हातभर. परबाण डोलकाठीला घासत, कुरकुरत वर सरकलं. परबाण म्हणजे शीड ज्याला बांधतात ते लांबलचक तिरकं लाकूड, बुंध्याशी माणसाच्या मांडीएवढं जाड. ते चढलं तर शीड चढणार, शीड चढलं तर गलबत चालणार आणि गलबत चाललं तर पोटातली मिठाची पोती पलीकडच्या बंदराला लागणार. म्हणून नाखवा गलबताचा धनी असला आणि सुकाण्या दिशेचा धनी असला, तरी प्रत्येक सफरीची सुरुवात व्हायची ती बुवांच्या गळ्यातून. त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. गातात म्हणून बुवा, एवढंच.

बुवा स्वतः दोर ओढत नसत. सगळ्यांच्या पुढे, डोलकाठीला खेटून उभे राहायचे आणि डाव्या हाताचा तळवा ताणलेल्या दोरावर नुसता टेकवायचे, वैद्य नाडीवर बोटं ठेवतो तसा. गलबतावरचा स्वैपाकी म्हणायचा, "बुवा दोराला आशीर्वाद देतात. एकदा आमच्या चुलीलाही द्या म्हणावं, मेली पेटत नाही."

आशीर्वाद वगैरे काही नव्हतं. बुवांना ऐकू येत नव्हतं.

हे एका दिवसात झालं नाही. आधी बारीक आवाज गेले. चुलीवर उकळणारं पाणी, दाराची कडी, सकाळची पाखरं. मग माणसं लांब उभी राहून बोलतायत असं वाटू लागलं. मग माणसं जवळ आली तरी आवाज लांबच राहिले. शेवटी उरली ती एक गुणगुण, रिकाम्या रांजणात तोंड घातल्यावर येते तशी, आणि तिच्या तळाशी स्वतःचा गळा. तो मात्र छातीतून कळायचा. बंदरात उतरल्यावर कुठे देवाचं गाणं चाललं असेल तिथे जाऊन बसायची बुवांना जन्माची आवड. अजूनही ते जात. भिंतीशी बसत, तळवा जमिनीवर टेकत आणि गाणाऱ्याच्या गळ्याची शीर हलताना बघत राहत. शेजारचे म्हणत, काय तल्लीन होतो हा माणूस.

दोर मात्र अजून त्यांच्याशी बोलत होता. माणसं 'देवाचा' म्हणून ओढायची तेव्हा दोरातून एक ठोका यायचा, तळव्यातून कोपरापर्यंत चढायचा. मग ती पुढची पकड घ्यायची तेवढ्यात दोर थरथरून गप्प व्हायचा. त्या गप्प क्षणात बुवा पुढची ओळ टाकायचे. एकदाही ठेका चुकला नाही. दोर ओढणाऱ्यांपैकी कुणाला शंका यावी तरी कशी?

दोर एवढंच सांगायचा, बाकीचं नाही. आणि गलबतावर एक कायदा होता. फार पूर्वी, बुवांच्याही आधीच्या गाणाऱ्याच्या काळात, परबाण चढत असताना कुणीतरी 'थांबा' म्हणून ओरडलं. निम्मे थांबले, निम्मे ओढत राहिले, दोर निसटला आणि माणसांचे पाय मोडले. तेव्हापासून ठरलं, की ओळ चालू असताना दोराला तोंड एकच, गाणाऱ्याचं. कुणालाही थांबवायचं असेल, अगदी नाखव्याला, तर त्याने बुवांना हाक मारायची. बुवा 'बस' म्हणतील तेव्हाच हात थांबतील. आभाळ कोसळलं तरी हात बुवांचं ऐकणार.

त्यासाठी जावई होता.

जावई म्हणजे बुवांच्या एकुलत्या लेकीचा नवरा. दोराला बुवांच्या मागे पहिला माणूस तोच. लग्न झाल्यावर तो याच गलबतावर लागला आणि एका माणसाचा जावई सगळ्या गलबताचा जावई होऊन बसला. "जावईबापूंना बसायला द्या रे." "हळू बोल, जावईबापू रुसतील." तो हसायचा आणि सगळ्यांच्या आधी दोराला हात घालायचा. बुवाही घरी त्याला 'तुम्ही' म्हणत, गलबतावर 'तू'. फळीवर पाय ठेवला की मान बदलायचा, यावरही एक विनोद होता, तो इथे सांगण्यासारखा नाही.

कुणी 'बुवा, थांबा' म्हणून हाक मारली की जावई पायाच्या अंगठ्याने बुवांच्या टाचेला हलकेच ठोसायचा. बुवा मागे न बघता 'बस' म्हणायचे.

"बुवांच्या पाठीला कान आहेत," स्वैपाकी म्हणायचा.

"आमच्या सासुरवाडीला सगळ्यांनाच आहेत," जावई तोंड सरळ ठेवून सांगायचा. "म्हणून तर मी तिथे काही बोलत नाही."

त्याला हे कळलं होतं ते असं. बुवा डेकवर पाठ करून तुटक्या दोराला सांधा घालत बसले होते. जावई मागून आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आजोबा होणार." बुवा सांधा घालतच राहिले. म्हातारा कशावरून तरी रागावलाय असं वाटून पोरगा चरकला. पुढे जाऊन, समोर उकिडवा बसून त्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा बुवांचा चेहरा असा उजळला, की जावयालाच लाजल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की मामा डोळ्यांत बघत नाहीयेत, ओठांकडे बघतायत.

"मामा, कधीपासून?"

बुवांनी सांध्यात अडकवलेली खिळी बाहेर काढली, पुसली. "कुणाला बोलू नकोस. माझ्या लेकीलासुद्धा नाही."

तो बोलला नाही. बायकोशीही नाही.

या सफरीला निघायच्या आदल्या दिवशी बुवा घरात पाळण्याजवळ बसले होते. पाळणा जावयाने केला होता, गलबताच्या जुन्या फळीचा, आणि झोका द्यायला दोरी लावली होती तीही गलबतावरचीच, वापरून वापरून मऊ झालेली. बुवा दोरी ओढायचे आणि अगदी सावकाश, झोपाळू सुरात गायचे, "भार कुणाचा?" आतल्या खोलीतून कपड्यांच्या घड्या घालता घालता लेक उत्तर द्यायची, "देवाचा." बुवांना तिचं उत्तर ऐकू येत नसे, पण ती देत असणार हे त्यांना ठाऊक होतं. लहानपणापासून देत आलेली होती. तेवढं अंतर सोडून ते पुढची ओळ घ्यायचे.

बायको येऊन त्यांच्या समोर बसली. घरातलं काही महत्त्वाचं असलं की ती आता समोर बसूनच बोलायची, म्हणजे त्यांना तोंड दिसावं.

"नाखव्याला तुम्ही सांगताय, की मी जाऊ?"

"काय सांगू? गळा गेला असता तर माझा मीच उतरलो असतो. गळा आहे की."

"गळा आहे हो. कान कुठायत?"

"हळू बोल. पोरगी आत आहे."

"मी हळूच बोलतेय. ओरडताय तुम्ही."

बुवांनी आतल्या खोलीकडे बघितलं. दोरी मात्र हलवत राहिले. मग म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही गं. ओळ टाकायची आणि माणसांनी उचलायची, एवढंच केलं आयुष्यभर. ते काढून घेतलं तर मी म्हणजे काय, एक म्हातारा. गलबतावर पोत्याएवढी जागा अडवणारा."

तेवढ्यात जावई आला. कोपरापर्यंत डांबराने माखलेला. फळ्यांच्या फटी बुजवायचं काम चालू होतं. सासूने त्याच्याकडे मोर्चा वळवला.

"तुम्ही तरी सांगा यांना."

"मामी, मी आहे ना मागे. एवढी सफर होऊ द्या. परत आलो की मीच नाखव्याशी बोलतो. दोर राखायला, शिडं बघायला माणूस लागतोच. पण गाणं असं मधेच कसं काढून घ्यायचं कुणाकडून? त्यांना स्वतःच्या हाताने ठेवू द्या."

"आणि तुम्ही मागे नसलात तर?"

"मी कुठे जातोय?" तो हसला आणि डांबराचं बोट पाळण्यातल्या पोरीच्या नाकाला लावायला वाकला. सासूने हातावर चापट मारली.

मग ती काही बोलली नाही. उठली आणि दोघांच्या कपड्यांची गाठोडी बांधायला लागली. पुढे किती वर्षं तरी ती त्या गप्प बसण्याचा हिशेब मनाशी करत राहणार होती.

जाताना सगळं नीट झालं. येताना गोष्ट फिरली.

डोलकाठीवर चढायचं काम बगळ्याचं होतं. उंच, लांब टांगांचा, म्हणून बगळा. परबाण डोलकाठीशी धरून ठेवायला दोराचं एक मोठं कडं असतं. परबाण वर जातं तसं ते कडं काठीवरून सरकत जातं. दोर ओला असला की ते मधेच अडकतं, म्हणून एक माणूस वर बसून हाताने ते ढकलत जातो. जोखमीचं काम. ओढणाऱ्यांनी चुकीच्या वेळी ओढलं, की काठी आणि परबाण यांच्या मधे जे असेल ते चिरडतं. बगळा हे काम इतकी वर्षं करत होता, की तो वर असला तर खाली कुणी मान वर करून बघतही नसे. पण त्या सफरीत उकळतं डांबर त्याच्या दोन्ही हातांवर सांडलं. स्वैपाक्याने तेल लावून हात फडक्यात गुंडाळले. बगळा आपले पांढरे पंजे घेऊन इकडून तिकडे फिरायचा आणि पाणीसुद्धा कुणीतरी पाजावं लागायचं.

दुपारी वारा पडला. समुद्र तेलासारखा झाला. मग पश्चिमेकडून आभाळ खाली बसत आलं आणि सुकाण्या म्हणाला, "फिरणार हा."

वारा बाजू बदलणार म्हणजे शिडाने बाजू बदलायला हवी. परबाण उतरवायचं, डोलकाठीच्या पलीकडे न्यायचं आणि वारा येऊन थडकायच्या आत पुन्हा चढवायचं. नाही तर उघड्या पाण्यावर, बिनशिडाचं, मालाने भरलेलं गलबत वाऱ्यापुढे आडवं पडतं, आणि मग कुणाला काही सांगायला कुणी उरत नाही. सगळे धावले. परबाण उतरलं, पलीकडे गेलं. आता चढवायचं.

"वर कोण?" नाखव्याने विचारलं.

"मी चढतो," बगळा म्हणाला.

"त्या हातांनी? जावई, तू चढ."

जावयाने बुवांकडे बघितलं. मग तो बुवांच्या समोर आला, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे तोंड नीट दिसावं.

"मामा, मला वर जावं लागतंय. तुमच्या मागे कुणी नाही. नाखव्याला सांगू?"

बुवांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. माणसं दोर धरून उभी होती. आभाळ काळं पडत होतं. सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागलेले. असं त्यांच्याकडे इतकी वर्षं कुणी ना कुणी बघत आलं होतं, आणि अशा वेळी त्यांना नेहमी वाटायचं, की देवाने आपल्याला उगाच नाही जन्माला घातलं.

"एवढं परबाण चढू दे," ते म्हणाले. "मग सांगू. मी स्वतः सांगतो."

जावयाने मान हलवली. गळ्यातलं फडकं सोडून उजव्या मनगटाला बांधलं. "मग वर बघत राहा. हे हलवलं की थांबवा." आणि तो चढला, झरझर. बगळा खालून म्हणालाही, "बघा, जावईबापू सासऱ्याच्या डोक्यावर चढले." दोन-चार जण हसले.

बुवांनी तळवा दोरावर टेकवला, मान वर केली आणि ओळ टाकली.

"भार कुणाचा?"

ठोका आला.

"हात कुणाचे?"

ठोका आला. परबाण वर सरकलं. वरच्या टोकाला फडकं दिसत होतं. त्याच वेळी पाऊस आला, वरून नव्हे, आडवा, आणि अर्धवट चढलेलं शीड फडफडत मधे आलं. बुवांना कापड दिसलं, पाणी दिसलं. जावई दिसेना. त्यांनी डोळ्यांवरचं पाणी झटकलं आणि पुन्हा वर बघितलं. पुन्हा कापडच.

तेव्हा थांबायचं होतं.

पण वारा येऊन पोचलाच होता. दोर हाताखाली ताठ झाला. ठोका आला, दोर मात्र आला नाही. शिडात वारा भरला असणार, भार वाढला असणार. पुढचा ठोका जरा विस्कटल्यासारखा आला, जणू काही हात थोडे अडखळले. दमलेत, बुवांना वाटलं. अशा वेळी गाणाऱ्याचं काम काय, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवला.

"हात कुणाचे?"

आणि हात पुन्हा एक झाले. एवढा भरघोस ठोका त्यांना कधी मिळाला नव्हता. अडकलेलं काहीतरी मोकळं व्हावं तसा दोर सरकन मागे आला. बुवांच्या तळव्याला बरं वाटलं.

"भार कुणाचा?"

ठोका आला नाही.

त्यांनी वळून बघितलं. माणसं दोर धरून तशीच उभी होती, मान वर करून, तोंडं उघडी. नाखवा दोराकडे धावत येत होता आणि त्याचे ओठ हलत होते. बगळा हातांची फडकी दातांनी सोडत होता.

दोर खुंट्याला आवळला. गलबत वाचलं. परबाण हवं तेवढं चढलंच होतं. बगळा भाजलेल्या हातांनी वर गेला आणि जावयाला खाली घेऊन आला. फडकं मनगटाला तसंच होतं.

वावटळ आली तशी गेली. मग सगळे पुढच्या डेकवर जमले. जावयावर शिडाचा एक जुना तुकडा घातला होता. बुवा त्याच्या पायाशी बसले होते. बगळा समोर येऊन बसला. त्याच्या हातांची साल निघाली होती.

"बुवा," तो म्हणाला, "थांबा मामा, थांबा, असं ओरडत होता तो. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही 'बस' म्हणाला नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्ही वर बघताय, तुम्हाला काहीतरी दिसत असेल. म्हणून ओढलं."

"मीसुद्धा ओरडलो," नाखवा म्हणाला.

बुवा एकाच्या ओठांकडून दुसऱ्याच्या ओठांकडे बघत होते. मग बोलले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली होता, की मागच्यांना पुढे वाकावं लागलं.

"मला ऐकू येत नाही."

"वाऱ्यात कुणाला ऐकू येतंय, बुवा," सुकाण्या म्हणाला.

"वाऱ्यात नाही. कधीच नाही. तुम्ही आत्ता बोलताय तेही नाही. दोर हाताला लागतो, त्यावर चालवत होतो."

स्वैपाकी म्हणाला, "मग ते पाठीचे कान—" आणि त्याची नजर शिडाच्या तुकड्याकडे गेली.

"त्याला ठाऊक होतं?" नाखव्याने विचारलं.

"तोच टाचेला ठोसायचा. वर जाताना म्हणाला होता, नाखव्याला सांगू का. मी म्हटलं, एवढं चढू दे."

कुणी हात उचलला असता, कुणी शिवी घातली असती, तर बुवांना ते सोसलं असतं. कुणी काही केलं नाही. माणसं जिथल्या तिथे बसून आपापल्या तळव्यांकडे बघत राहिली. दोराने सोललेले, मिठाने फाटलेले तळवे. त्यांनीच ओढलं होतं. थोड्या वेळाने एकेक जण उठून गेला.

किनारा लांब होता आणि उन्हाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाला पाण्यात सोडायचं ठरलं. गलबतावर कुणी गेलं, की बुवांनीच देवाचं नाव घ्यायचं, ही रीत. नाखवा त्यांच्याकडे आला आणि फक्त मानेने विचारलं. बुवांनी मानेने नाही म्हटलं. नाखवा तसाच उभा राहिला. दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

मग बुवा उठले. माणसं कडेशी उभी होती, तोंडं पाण्याकडे, बुवांकडे पाठी. जावयाला ठेवलेली फळी उचलली गेली. बुवांना दुसरं काही सुचलं नाही, जन्मभर जी म्हटली तीच ओळ तोंडात आली.

"भार कुणाचा?"

ते थांबले. हाताखाली दोर नव्हता. समोर ओठ नव्हते, नुसत्या पाठी होत्या, आणि पाठींवरून कळत नव्हतं. कुणी उत्तर दिलं की नाही, सगळ्यांनी दिलं की एकट्या बगळ्याने, की त्या ओळीला कुणी तोंडच उघडलं नाही, हे बुवांना कधीच कळणार नव्हतं. त्यांनी उत्तराएवढी जागा सोडली. पुढची ओळ मात्र त्यांनी घेतली नाही. ती घेण्यासारखी राहिली नव्हती. फळी कलली.

घरी नाखवा सोबत आला होता. दारात लेक उभी होती, पोरगी कडेवर. तिने दोघांच्या मागे बघितलं, रस्त्याच्या वळणापर्यंत.

"मी सांगणार," बुवा नाखव्याला म्हणाले. "तुम्ही मधे बोलू नका."

त्यांनी सगळं सांगितलं. काही राखलं नाही. कान कधी गेले, जावई कसा ठोसायचा, वर चढण्याआधी त्याने काय विचारलं आणि आपण काय म्हटलं. सांगताना ते लेकीच्या तोंडाकडेच बघत होते, दुसरीकडे बघून चालणार नव्हतं. नाही तर ती काय म्हणते ते कळलं नसतं. बायको दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसली. "मलाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं गं."

लेकीचे ओठ बराच वेळ हलले नाहीत. मग हलले.

"शेवटी काय म्हणाले ते?"

"सगळ्यांनी ऐकलं," बुवा म्हणाले. "मला नाही ऐकू आलं, बाळा."

नाखव्याने खाली बघत तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन वळली. पाठ करून काहीतरी बोलली आणि आत गेली. बोलताना तिचे खांदे हलले तेवढंच बुवांना दिसलं. रात्रीच्या जेवणाला कुणी बसलं नाही. बुवांनी बायकोला विचारलं, "काय म्हणाली ती?" बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पुढेही तिने ते कधी सांगितलं नाही.

गलबत पुन्हा निघालं. आता ओळ बगळा टाकतो. आवाज बरा आहे, ठेका जरा पळतो. नाखव्याने कायदाही बदलला, थांबा कुणीही म्हणो, हात थांबलेच पाहिजेत. निघायच्या दिवशी बुवा धक्क्याच्या टोकाला, पोत्यांच्या आडोशाने उभे राहिले. परबाण थोडं थोडं वर चढताना लांबून दिसत होतं. त्यांचा डावा हात पोत्यावर टेकला होता. तोंड मिटलेलं होतं.

लेक शिडं शिवायच्या आवारात कामाला जाऊ लागली. तिथे बायका जाड कापडाला मोठ्या सुयांनी टाके घालतात आणि संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. पोरीला आजी सांभाळायची. लेक आईशी कामापुरतं बोलायची, बापाशी नाही. घरात एवढी शांतता होती, की ती न ऐकू येणाऱ्या माणसालाही कळत होती. बुवा सकाळी उठून अंगण झाडायचे, पाणी भरायचे, दुपारी भिंतीशी बसायचे. पाळण्याकडे जायचे नाहीत. गायचे नाहीत. देवापुढे हात जोडायचे तेव्हा ओठही हलवायचे नाहीत. त्याला ऐकू येत असेल तर येईल, नसेल तर मग दोघे सारखेच.

एके दिवशी आजी तापाने पडली. लेकीला आवारात जायला हवं होतं, एका गलबताचं शीड शिवायचं राहिलं होतं. तिने पोरीला पाजलं, पाळण्यात घातलं, चुलीतला विस्तव विझवला. दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. बुवा भिंतीशी बसून बघत होते आणि आपण बघतोय हे दिसू नये म्हणून खाली बघत होते.

मग त्यांच्या समोर तिचे पाय आले. त्यांनी मान वर केली. ती खाली बसली, चेहऱ्याला चेहरा करून, जसा तिचा नवरा बसला होता.

"मी येईपर्यंत," ती म्हणाली.

"मला ऐकू येणार नाही गं," बुवा म्हणाले. "रडली तर मला कळणार नाही. शेजारणीला बोलाव."

लेकीने पाळण्याची दोरी ओढून आणली. त्यांचा डावा हात उचलला, मुठीची बोटं एकेक करून सोडवली आणि तळवा दोरीवर टेकवला. क्षणभर तिचा हात वर राहिला. मग ती उठली आणि मागे न बघता निघून गेली.

बुवा बसून राहिले. बराच वेळ त्यांनी दोरी ओढलीच नाही. मग ओढली, अगदी हळू. पाळणा गेला, आला. दोरीतून वरच्या तुळईची कुरकुर तळव्याला लागत होती, पाळण्याचं वजन लागत होतं, जायचं आणि यायचं. ओळ घशापर्यंत आली. त्यांनी ती गिळली. नुसता झोका देत राहिले, डोळे पाळण्याच्या कडेवर लावून.

दोरीला पाळण्याकडून एक बारीकसा हिसका बसला.

अर्ध्या झोक्यात बुवा थांबले.